निळं पडणारं सोनं

आमच्या प्रयोगशाळेतली माझी एक सीनिअर गंगापूरकडची. ती सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवायची आणि त्यांना रसायनाचा लेप द्यायची. पाण्यात कीटकनाशक असलं, की त्यांचं डाळिंबी द्रावण निळं व्हायला हवं होतं. ढवळताना ती चंबूला दटावायची, "ए बया, आत्ताच नको निळी पडू!" मी परराज्यातली; मराठी बोलताना अडखळले की म्हणायची, "बोल की गं, चुकली तर मी काय मारती व्हय?"

एकदा तिने घरच्या विहिरीचं पाणी आणलं. द्रावण लगेच निळं झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिने मात्र शुद्ध पाण्यात नुसते क्षार घालून पाहिले. त्यानेही द्रावण निळं झालं.

"क्षारांनीच पडतंय निळं. लेप कच्चा हाय," ती म्हणाली.

पुढे शुद्ध पाण्यात कीटकनाशक मिसळून घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष तेवढे छापून आले. सरांनी पेढे वाटले. तिने आईला फोन लावला, आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"लई चांगलं झालं, बाई. मग आपल्या हिरीचं पानी प्यावं का नाय?"

"अजून नाय सांगता येत, आई."

"बरं. तवर तेच पितो."