कळंबाचं लाकूड

कळंबाचं, म्हणजे कदंबाचं, फूल कुणी कौतुकानं नाकाशी धरलं की मी तोंड फिरवते. वास गोड असतो म्हणतात. असेल बाई. मला मात्र तो नको. का नको ते आता सांगून टाकते, कारण सांगायला उरलेली मी एकटीच.

आमचं गाव उंद्रीकडच्या वाटेवर. दिवस इंग्रजाचे, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. माझे बाबा सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच घरी राबणारे गडी. ज्यांच्या घरी राबायचे त्यांना सारं गाव मालक म्हणायचं. मालक जातीनं आमचेच, पण वावरं त्यांची, बैलजोड्या त्यांच्या, आणि जातीचे पंचही तेच. कुणाला वाळीत टाकायचं आणि कुणाला परत घ्यायचं, ते मालक मिशीला तूप लावून ठरवायचे.

बाबांना बाप नव्हता. म्हणजे मेला होता असं नाही, ठाऊकच नव्हता. आजी विधवा झाली आणि नवऱ्याचं वर्षश्राद्ध होऊन पुष्कळ दिवस लोटल्यावर बाबा जन्मले. कुणाचं, ते आजीनं कुणाला सांगितलं नाही. बाबांनी लहानपणी विचारलं, मोठेपणी विचारलं, रडून विचारलं. आजी जात्याला हात घालायची आणि दळायला लागायची. जात्याच्या घरघरीत काय ऐकू येणार?

मग बाबा आपले आपणच शोधायचे. बाजाराच्या दिवशी माणसांची नाकं पाहत उभे राहायचे. बाबांचं नाक शेंड्याला वाकडं होतं. तसंच दुसरं कुठं दिसतं का, एवढाच त्यांचा तपास. मालकांपुढं मात्र गड्यानं मान वर करायची रीत नव्हती. गावातल्या टवाळांना ते माहीत होतं. एक जण तर भर बाजारात ओरडला, "काय पाहून राह्यला बे? मी नाही तुह्या बाप! माह्या नाकाले तर शेंडाच नाही!" सगळे खदखदा हसले. बाबाही हसले. मला त्या हसण्याची किळस येते. लोकांच्याही आणि बाबांच्याही.

आता देवकाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात प्रत्येक कुळाला एक देवक असतं, बहुधा झाडच. लग्नाच्या मांडवात त्याची डहाळी पुजायची. एरवी त्या झाडाचं लाकूड चुलीत घालायचं नाही, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. दोन घरांचं देवक एक निघालं तर त्यांच्यात सोयरीक होत नाही, कारण ती भावंडंच मानतात. आणि देवक येतं बापाकडून. आजीच्या नवऱ्याचं देवक उंबर. पण बाबांच्या लग्नात त्या भाऊबंदांनी सांगून टाकलं, "आमचं उंबर या पोराले लावायचं नाही." तेव्हा आजीनं कसलीशी डहाळी पिवळ्या फडक्यात घट्ट गुंडाळून मांडवाच्या खांबाला बांधली आणि कुणाला फडकं सोडू दिलं नाही. हे मला आईनं सांगितलेलं.

मी अकरा-बारा वर्षांची असताना वादळात मालकाच्या विहिरीवरच्या कळंबाची मोठी वाळकी फांदी मोडली. बाबा ती फोडून घरी घेऊन आले. कोरडं, छान लाकूड. आईनं एक ढलपी चुलीत सारली, तशी आजी बाहेरून धावत आली आणि जळती ढलपी हातानंच ओढून काढली. बोटं भाजली तिची.

"हे आपल्या चुलीत जाळाचं नाही," म्हणाली.

"काऊन वं माय?" बाबांनी विचारलं.

"नाही म्हणजे नाही." सगळं लाकूड तिनं उकिरड्यावर टाकलं. म्हातारी झाली, चालायचंच, म्हणून आम्ही सोडून दिलं.

पुढं माझ्या लग्नाचं पाहायला लागले. असल्या घरची पोरगी करणार कोण? आणि एके दिवशी दारात बैलांची दमणी उभी राहिली. मालक स्वतः! त्यांचा धाकटा मुलगा बिजवर होता, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. दारू प्यायचा, म्हणून चांगल्या घरची पोरगी मिळेना. बाबांना तर आकाश ठेंगणं झालं. धुतलेलं घोंगडं अंथरलं, पायावर पाणी घातलं, मालकांचे पाय आपल्या धोतरानं पुसले. हो, पुसले. मी दाराआडून पाहिलं.

मला समोर बसवलं. मालकांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि बराच वेळ पाहिलं. माझंही नाक शेंड्याला वाकडं आहे. ते पाहून ते नुसते हसले आणि म्हणाले, "पोरगी चालते आपल्याले."

मग सोबत आलेल्या मालकांच्या मेहुण्यानं रीत म्हणून विचारलं, "मालकाकडचं देवक कळंब. तुमचं कोणतं?"

बाबांनी हळूच वळून आजीच्या बोटांकडे पाहिलं. त्या बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग होते.

आजी चौकटीत आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलत नसे. पदर सावरला आणि म्हणाली, "आमचंबी कळंबच हाय. त्याईले माहीत हाय. त्याईलेच पुसा."

मेहुण्याच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मालक लाजले असतील, उठून गेले असतील, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. छे! पान चावत चावत म्हणाले, "बुढी चळली हो. देवकाचं काय घेऊन बसले? उंबर सांगा, झालं! कोण पाहाले येते?"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आपल्याच लेकाची पोर आपल्याच दुसऱ्या लेकाच्या घरात घालायला माणूस तयार होता, कारण पोरगी फुकटात आणि तोंड बंद असलेल्या घरची मिळत होती. मी मागच्या दारी गेले आणि खरोखरच ओकले.

परत आले तेव्हा बाबा उभे होते. आवाज चढवला नाही. "पाणी पेलं नं मालक? उठा मंग."

"सालाचं काय?"

"साल आज संपलं."

दमणी गेल्यावर बाबांनी मालकांच्या पायाला लागलेलं धोतर सोडलं आणि अंगणात फेकून दिलं. आजीनं जात्याला हात घातला नाही त्या दिवशी. आपणहून बोलली. "दळाले जात होतो त्याच्या घरी. मंग तूई चाहूल लागली तवा पंचायत बसली. मधी तोच बसला होता. मलेच विचारे, सांग बाई, कोणाचं हाय? मी त्याच्याकडं पाह्यलं अन् म्हणलं, सांगू? तर म्हणते कसा, राहू द्या, बाईची लाज जाईल. अन् सगळ्या जातीले जेवू घालाचा दंड लावला. पहिला घास त्यानंच उचलला. तूप कमी हाय म्हणे."

बाबा म्हणाले, "सांगितलं काऊन नाही मले?"

"सांगतो तर तू त्याच्याच दारात बाबा बाबा करत गेला असता."

गेले असते, हे बाबांनाही माहीत होतं.

पण गाव पाहा कसं असतं. गोष्ट पसरली आणि महिन्याभरात तेच टवाळ बाबांना रामराम घालायला लागले. "शेवटी मोठ्या घरचं रगत हाय बे!" शेजारीण आईला म्हणाली, "तरीच बाई, पोरीचा रंग उजळ." बिनबापाचे होतो तेव्हा थुंकायचे, आणि त्या थेरड्याचे ठरलो तेव्हा मान द्यायला लागले! त्या थुंकण्यापेक्षा हा मान मला जास्त घाण वाटला. अजून वाटतो. परवा माझा नातूच कुणाला ऐटीत सांगत होता, आपण मुळात त्या घराचे. मी त्याला ताटावरून उठवलं.

माझं लग्न पुढं देऊळघाटाकडं झालं. देवक विचारलं तेव्हा बाबांनी सौंदड, म्हणजे शमी, सांगितलं, आजीच्या माहेरचं. नवऱ्याकडचा एक म्हातारा कुरकुरला, "देवक बापाकडून येते भाऊ." बाबा म्हणाले, "माह्याकडं मायच हाय. चालत असन तं पाहा." चाललं.

पण त्याआधीचं एक राहिलं. त्या रामरामाला कंटाळून बाबा एकदा उकिरड्यावर गेले आणि कुजत पडलेलं ते कळंबाचं लाकूड उचलून घेऊन आले. उन्हात वाळवलं, कुऱ्हाडीनं बारीक फोडलं आणि चुलीपाशी रचून आजीकडे पाहत राहिले. आजीनं एक ढलपी उचलली, वास घेतला, नाक मुरडलं.

"जाळ," म्हणाली. "पण भाकर नको टाकू त्याच्यावर. त्या लाकडावरचं अन्न माह्या गळ्याखाली उतरनार नाही."

मग अंगणात तीन दगड मांडून त्यावर न्हाण्याचं पाणी तापवलं. आजी त्या पाण्यानं न्हाली, अंग घासघासून. मग बाबा, मग मी.