आबा हसले ते पान

आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. हे मी दर दोन वाक्यांनी सांगते असं आबा म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

बी.ए.ला आम्हाला एक कादंबरी होती. घरातला कर्ता माणूस जातो, आणि मागच्यांचे तेरा दिवस. पाचदा वाचली, पाचही वेळा रडले. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ते आंबिवलीहून आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर आठवडाभर राहायला आले. टीव्ही बंद, पेपर बंद. म्हटलं, मी काय शिकले ते वडिलांना कळू दे एकदा. आवाज जड करून वाचायला बसले.

आबा चौथी शिकलेले. पण चाळीत कुणी गेलं की पहिला निरोप त्यांनाच. तिरडी बांधावी तर त्यांनी.

कादंबरीत तिरडी जिन्याच्या वळणावर अडकते. तिथे मी दरवेळी थांबून डोळे पुसते. आबा खुदकन हसले.

"आबा, माणूस गेलाय तिथे."

"तो गेला गं. जिना न बघता बांबू आणणारे आहेत ना अजून." काळा चष्मा सावरत म्हणाले, "जावई कुठाय?"

"कुठला जावई?"

"वरून हुकूम सोडणारा. प्रत्येक मयताला एक असतो. हात म्हणून लावत नाही."

पुढच्याच ओळीत होता. वरच्या पायरीवर उभा राहून "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणत. पाच वेळा वाचून मला तो कधी दिसला नव्हता.

मला रागच आला. "परीक्षेत मी हिला शोकांतिका म्हटलेलं. वर्गात पहिली आलेले."

"मग तुझे सरही कधी खांदा द्यायला गेले नसतील."

पुस्तक मिटलं. संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालायला गेले तेव्हा आबाच म्हणाले, "लिहिणाऱ्याने मात्र खांदा दिलेला आहे. खोटं नाही लिहीत तो. चांगलं पुस्तक आहे तुझं."

मला हेच हवं होतं. पण आबा तेवढ्यावर थांबतात होय?

"आणि तुमच्या लिफ्टमध्ये आडवा माणूस मावत नाही. आलो त्याच दिवशी बघून ठेवलंय. बावीस मजले जिना आहे, आमच्या जावयाला सांगून ठेव."

बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला, "आबा, मी वरून सांगेन."

मला हसू फुटलं. थेंब डोळ्याऐवजी गालावर पडला.

"आता लोकांना वाटेल मी रडतोय," आबा म्हणाले. "पूस, आणि वाच पुढे."