तिसऱ्या सुईवाचून वेणी

मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत मी पाचवीत असताना विणकामाच्या बाईंनी आम्हाला वेणीची वीण दाखवली. तोवर आम्ही सुलट-उलट टाक्यांच्या सपाट पट्ट्याच विणत होतो. बाईंच्या तुकड्यावर मात्र लोकरीची उठावदार वेणी होती, केसांची घालतात अगदी तशी. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि अंगावर काटा आला. एकाच धाग्यातून हे उभं राहतं?

त्याला तिसरी, आखूड सुई लागे. काही टाके तिच्यावर काढून पुढे धरायचे, मागचे आधी विणायचे, मग हे धरलेले. माझे धरलेले टाके दर वेळी निसटत आणि चार-चार ओळी उसवत. शेवटी बाईंचा नमुना घेऊन मी रडतच घरी आले.

तेव्हा आसेगावची मोठी काकू आमच्याकडे आली होती. ज्वारीच्या सोंगणीत विळा लागून तिच्या उजव्या हाताचं एक बोट ताठ झालं होतं, ते दवाखान्यात दाखवायचं होतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं आणि विणायच्या सुया तर जन्मात पहिल्यांदाच पाहत होती.

"कायले रडून राह्यली वं?"

मी सांगितलं. तिनं नमुना उन्हात धरला, ताणला, उलटून पाहिला. मग म्हणाली, "मले आंधी साधं इनाले शिकव."

दोन दिवसांत ती सुलट-उलट शिकली. तिसरी सुई मात्र त्या ताठ बोटात ठरेना. चौथ्या दुपारी तिनं ती बाजूला ठेवली.

"मागचा टाका पुढच्याच्या आंगावरून गेला, एवढंच ना? मंग मागच्यालेच आंधी इनू. तिसरी सुई कायले पायजे?"

पहिला टाका तसाच ठेवून तिनं दुसऱ्यात पुढून सुई घातली, तो विणला, पण खाली सोडला नाही. मग पहिला विणला आणि दोन्ही एकदम सोडले. उलट बाजूची ओळ साधी. सात-आठ ओळींनी माझ्या डोळ्यांदेखत दाव्यासारखा बारीक पीळ वर चढू लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी तो पाहिला आणि संध्याकाळी त्या आमच्या घरीच आल्या. काकूशेजारी खाली सतरंजीवर बसल्या.

"पुन्हा करून दाखवता?"

काकूनं पदर सारखा केला. "तुमी शिकेल-सवरेल बाई, मी काय दाखवू?" पण दाखवलं.

बाई एकदा चुकल्या, मग त्यांना जमलं. म्हणाल्या, "इतकी वर्षं मुली त्या सुईपायी रडतात आणि मी त्यांनाच रागावते. मला हे सुचलं नाही."

"तुमची येनी जाड हाय. हा नुसता पीळ. खरी तुमचीच," काकू म्हणाली.

त्या वर्षी सगळ्या वर्गानं काकूचा पीळ विणला. काकूचं बोट काही वळलं नाही. ती आसेगावला परत निघाली तेव्हा बाईंनी तिला दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा दिला.

पुढच्या दिवाळीत मी आसेगावला गेले, तर काकूच्या नातीच्या डोक्यावर टोपी होती आणि तिच्यावर दोन पीळ, एक उजवीकडे वळलेला, दुसरा डावीकडे. डावीकडचा बाईंनीसुद्धा आम्हाला शिकवला नव्हता.

"हा कसा केला?"

"सुई मांगून घातली," काकू म्हणाली, आणि भाकरी थापायला उठली.

मी ती टोपी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ नुसती पाहत बसले.