फायबरचा हौद

शेतातल्या विहिरीवर माझ्या आईनं, अव्वानं, लोखंडी जाळी बसवून घेतली त्या दिवशी अप्पा चिडले नाहीत. भालकीहून वेल्डर आला होता. त्यानं काठाला चारी बाजूंनी गज ठोकले, त्यावर जाळी जोडली आणि मोटरच्या पाइपापुरतं भोक ठेवलं. अप्पा बांधावर उभं राहून बघत होते. काम संपल्यावर ते जाळीवर जाऊन उभे राहिले आणि खाली पाण्याकडं बघत राहिले. "पक्की बसलीय," एवढंच म्हणाले. अव्वाला वाटलं, चला, सुटलो. मला तसं वाटलं नाही. अप्पा चिडले असते तर बरं झालं असतं.

आमच्या गावात, खटकचिंचोळीत, माझ्या बरोबरीच्या निम्म्या लोकांना पोहायला अप्पांनीच शिकवलं होतं. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचा, पोराला विहिरीत ढकलायचं आणि मागोमाग स्वतः सूर मारायचा. रोज सकाळी पोहून यायचं, कपाळाला विभूती लावायची, मग भालकीच्या अडत बाजारातलं दुकान गाठायचं, हा त्यांचा नेम होता. एका वर्षी तुरीच्या हंगामात ते दुकानातच पोत्यांच्या थप्पीवरून डोक्यावर पडले. जखम भरून आली. काही महिन्यांनी त्यांना पहिली फिट आली. हमालांनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, आणि संध्याकाळी अप्पांना जीपमध्ये आडवं घालून घरी आणलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मग अप्पांना सोडून अव्वाकडं बघत ते म्हणाले, "विहीर, नदी, तलाव, सगळं बंद. पाण्यात फिट आली तर यांना हाक मारायलाही वेळ मिळणार नाही."

गोळ्यांनी मोठ्या फिट थांबल्या. बारीक थांबल्या नाहीत. चहा पिता पिता अप्पा मधेच थांबायचे. डोळे उघडे असायचे, पण आपल्याकडं बघतायत असं वाटायचं नाही. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे आणि उजव्या हाताची बोटं धोतराचा काठ चोळत राहायची. थोड्या वेळानं ते परत यायचे आणि सोडलेल्या वाक्यापासून पुढं बोलायला लागायचे. मधे काही गेलं हे त्यांना कळायचंच नाही. सांगितलं तर आवाज चढायचा. "मला काय धाड भरलीय? इचार करायलो होतो."

अव्वानं सांगणंच सोडलं. तसं झालं की ती हळूच त्यांच्या हातातला कप काढून घ्यायची आणि ते परत आले की पुन्हा हातात द्यायची.

धाकटा भाऊ बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये होता. दिवाळीला तो बायकापोरांना घेऊन आला, तेव्हा जेवताना अप्पांनी विषय काढला. आमचं नवं घर गावाबाहेर रस्त्याला लागून, मागं मोकळी जागा, बोअरला पाणी भरपूर.

"मागं एक पवायचा हौद करावा म्हणतो. पोरांला."

अव्वा भाकरी वाढत होती, ती वाढतच राहिली. भाऊ मात्र खूश झाला. "अप्पा, आता फायबरचे मिळतात. अख्खा हौद तयार येतो. खड्डा खणायचा, बसवायचा, पाणी सोडायचं."

त्याला बाजूला घेऊन मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणलेत ठाव हाय की तुला."

"अक्का, दोन वर्षांत त्यांना मोठी फिट आली का? आणि आमच्या सोसायटीतला हौद बघितलास ना तू? पाणी पोटापर्यंत. त्यात काय होणार? विहिरीत चोरून गेले तर काय करशील? त्यापेक्षा घरात डोळ्यांसमोर बरं."

ते तसं खोटं नव्हतं. म्हणून मी पुढं अडवलं नाही.

हैदराबादच्या एका कंपनीचा कॅटलॉग टपालानं आला. गुळगुळीत पानं, निळ्या पाण्याचे फोटो, पाण्यात गोरी हसरी माणसं. बरोबर फायबरचा एक नमुना होता, तळहाताएवढा, एका बाजूनं निळा आणि चकचकीत, दुसऱ्या बाजूनं खरबरीत. अप्पांनी तो तुकडा पाण्याच्या तांब्यात बुडवून खिडकीत ठेवला. दुकानातून आले की तांब्यात बोटं घालून तो चोळत बसायचे. रंग जातो का बघायलो, म्हणायचे. रंग जात नव्हता, तरी रोज बघायचे. जाळी बसल्यापासून जे अप्पा दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हते, ते आता शेजारपाजाऱ्यांना गाठून सिमेंटचा हौद काळ्या मातीत कसा तडकतो आणि फायबरचा कसा लवतो, हे समजावून सांगत. त्यांना इतकं आनंदात बघून मला भीती वाटायची.

एका रविवारी त्यांनी मागच्या अंगणात चुन्याची फक्की ओढून हौदाचा आकार आखला. लांबट, एका टोकाला गोल. फक्की विस्कटली की पुन्हा ओढायचे. भांडी घासायला येणारी बाई त्या रेघांवरून पाय टाकायची नाही, वळसा घालून जायची. हळूहळू आम्हीही तसंच करायला लागलो. कामून, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

मग कंपनीचा माणूस जागा बघायला आला. तरुण, हसतमुख, मराठीत मधेच हैदराबादी दखनी मिसळणारा. त्यानं सळई ठोकून माती बघितली, ट्रेलर कुठून येईल ते बघितलं, क्रेनला वर विजेची तार आडवी येईल म्हणाला. खड्ड्यात चहूबाजूंनी रेती भरावी लागेल, कारण काळी माती फुगते. "और एक बात, साब. बारिश में कभी खाली नक्को करो. नीचे का पानी इसको उठा देता. नाव के जैसा ऊपर आ जाता."

नंतर ओसरीवर बसून त्यानं नकाशे पसरले. दोन हौद आमच्या जागेत बसत होते. एक सपाट तळाचा, सगळीकडं सारखाच उथळ. दुसरा एका टोकाला कमरेएवढा आणि उतरत उतरत दुसऱ्या टोकाला साडेसहा फूट.

"साचा ठरलेला असतो," तो म्हणाला. "मागाहून खोली कमी-जास्त होत नाही. आत्ताच काय ते ठरवा."

अप्पांनी दुसऱ्या नकाशावर बोट ठेवलं. "सूर मारायचा तर एवढं पायजेच." पोरांचं नाव आता निघत नव्हतं. त्यांनी पेन घेतलं, पायऱ्या कुठं हव्यात ते दाखवायला लागले, आणि मधेच थांबले. पेन थांबलं नाही. खोल टोकाच्या जागी ते गोल गोल फिरत राहिलं, एकावर एक, कागद फाटेपर्यंत. त्या माणसाला काही कळलं नाही. तो मोटर आणि फिल्टरबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्यानं वर बघितलं आणि हसू तसंच तोंडावर ठेवून फाटलेल्या कागदाकडं बघायला लागला.

"त्येंनी इचार करायलेत," अव्वा म्हणाली. तिनं अप्पांच्या बोटांतून पेन सोडवलं आणि ती त्या माणसासमोर उभी राहिली. एरवी परक्या माणसापुढं तिचा पदर डोक्यावरून ढळत नसे, आज तो खांद्यावर होता. तिनं हात आडवा करून छातीशी धरला. "पाणी हितपर्यंत. ह्याच्या वर बोटभर सुदिक नगं. त्यो पयला हौद लिहा."

अप्पा परत आले तेव्हा तो माणूस पहिल्या हौदाचा नंबर लिहून घेत होता. अप्पांनी फाटलेल्या कागदाकडं बघितलं, मग अव्वाकडं. "बरं," म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की त्या रात्री मला झोप लागेना.

संक्रांतीनंतर खड्डा खणला. जेसीबी दोन दिवस गुरगुरत होता. खड्डा मला जरा जास्तच खोल वाटला, पण खाली रेती भरायची असते हे ऐकलं होतं. अप्पा खड्ड्यात उतरून भिंतींना हात लावत फिरायचे. वरून त्यांच्या डोक्याला बांधलेला रुमाल तेवढा दिसायचा.

ट्रेलर आला तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. पोरं गच्चीवर चढली. हौद पालथा बांधून आणला होता, वरून पांढुरका, मेलेल्या जनावराच्या पाठीसारखा. क्रेननं तो उचलून सुलटा केला, निळा रंग उन्हात एकदम चमकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अव्वा माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. हौदाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा कितीतरी खाली लोंबत होतं.

"ह्यो त्यो न्हाई," ती म्हणाली.

मी धावत अप्पांकडं गेले. "अप्पा, चुकीचा आलाय. थांबवा त्येंला."

"चुकीचा न्हाई. मी फोन करून बदलला." त्यांची नजर क्रेनवरच होती. "डावीकडं घ्या! डावीकडं!"

अव्वा रडली नाही, भांडली नाही. लोक बघत होते म्हणून असेल. तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला. हौद खड्ड्यात उतरला, बाजूनं रेती पडली, बोअरची मोटर सुरू झाली. पाणी चढायला लागल्यावर अव्वा काठाशी गेली. खोल टोकाकडं पाणी तिच्या छातीएवढं झालं असेल, मग खांद्याएवढं, मग डोक्यावर गेलं असेल. ती शेवटपर्यंत तिथं उभी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंगळुरूहून भाऊ फोनवर अप्पांवर ओरडला. अप्पांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. "बरं पवलो आज," मला म्हणाले. खरोखरच ते पोहून आले होते. ओल्या केसांनी, विभूती लावून, कित्येक वर्षांनी पूर्वीसारखे दिसत होते.

महिनाभर अव्वा रोज सकाळी काठावर वेताचा मोढा टाकून बसली. हाताशी दोरी आणि लांब बांबू. अप्पा या टोकापासून त्या टोकाला जायचे, वळायचे, परत यायचे. मी शाळेत शिकवायला निघायच्या आधी तिच्याजवळ उभी राहायची. पोहणाऱ्या माणसाकडं आम्ही दोघी जणू आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं बघत असू. मग एके सकाळी ती माझा जुना पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली.

"मला पवायला शिकवा," ती अप्पांना म्हणाली.

अप्पा पाण्यात उभे होते. ते हसले नाहीत. "ह्या वयात? कामून?"

"शिकवायलाव का न्हाई तेवढं सांगा."

त्यांनी तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन तिच्या पाठीला बांधला. गल्लीतल्या बायका हसल्या. म्हातारपणी चळ लागलाय म्हणाल्या. अव्वाचा दम लागायचा, नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे. उथळ टोकाला काठ धरून ती पाय आपटत राहायची. अप्पा शिकवताना फार चांगले असत, धीराचे, न रागावणारे. उन्हाळा तापला तोवर तिचा कॅन सुटला. रुंदी ती पार करायची, पण खोल टोकाला पोचली की चाचपडायची.

"एवढं बास झालं की अव्वा," मी एकदा म्हटलं. "तुला काय पलीकडं जायचंय?"

"मला पलीकडं न्हाई जायचं. मला त्येंच्यापर्यंत जायचंय."

तिच्या मनातलं अप्पांना कळत नव्हतं असं मी समजत होते. मग एका सकाळी, तिनं काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "बुडणाऱ्याला समोरून धरायचं न्हाई. त्यो तुला घिऊन जाईल. मागून जायचं. हनुवटी वर धरायची, तोंड आभाळाकडं, आन् एका हातानं पाणी मारायचं. कर बघू." आणि ते पाण्यावर आडवे होऊन निपचित पडले. अव्वानं मागून जाऊन त्यांची हनुवटी धरली. ते अंग सैल सोडून होते. तिनं त्यांना काठापर्यंत आणलं. "न्हाई, बोटं गळ्यावर यायलीत. पुन्ना," ते म्हणाले. त्या सकाळी त्यांनी तिच्याकडून ते किती वेळा करून घेतलं!

पुढं एका सकाळी शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. अप्पा खोल टोकाकडून वळले आणि हात मारता मारता त्यांचा एक हात वरच राहिला. मग सगळं अंग एकदम आखडलं आणि ते खाली गेले. आवाज झाला नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच. मी ओरडले, पण अव्वा तोवर उतरली होती. ती वेडीवाकडी हात मारत गेली, खाली गेली, दोघंही दिसेनात. मग तिचं डोकं वर आलं, आणि त्यांचं तोंड, आभाळाकडं. त्यांचं अंग झटके देत होतं. ती पुन्हा पुन्हा खाली जात होती, पण तिचा हात त्यांच्या हनुवटीखालून सुटला नाही. मी बांबू पुढं केला. तिनं तो कसा धरला, मी दोघांना कसं ओढलं, ते मला आठवत नाही. माझ्या तळहातातली बांबूची कुसळं मात्र आठवतात.

काठावर कुशीवर निजवल्यावर अप्पांच्या तोंडातून पाणी आलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले. ते आमच्याकडं बघत राहिले, आधी अनोळखी, मग ओळखीचे, मग चिडलेले.

"मला भाईर कामून काढलं? आत्ताच तर उतरलो होतो."

मी सांगायला तोंड उघडलं. अव्वानं नको म्हणून मान हलवली. तिच्या नाकातून अजून पाणी गळत होतं. "चला," ती म्हणाली, "चहा ठेवते."

भाऊ विमानानं हैदराबादला आणि तिथून गाडीनं आला. हौदात मुरूम भरून टाकायचा म्हणाला. अप्पा खोलीतून बाहेर येईनात, जेवेनात. शेवटी अव्वाच म्हणाली, "राहू दे तसाच. हितं मी पोचते." मग भाऊ परत गेला.

अप्पा त्यानंतर काही वर्षं जगले आणि गेले ते दुकानात, गादीवर बसल्या बसल्या. पण त्या वर्षांत रोज सकाळी मी आत भाजी चिरत असो की वह्या तपासत असो, माझे कान मागच्या अंगणाकडं असायचे. हात मारल्याचा आवाज यायचा, मग दुसरा. मधे कधी अप्पा उताणे पडून नुसते तरंगायचे आणि आवाज थांबायचा. मग हातातली सुरी खाली ठेवून मी दारापर्यंत जायची. अव्वा पाण्यात असायची, त्यांच्या मागं, गळ्यापर्यंत, श्वास धरून.