काट्यावरचा कोबॉल

गोंदियाच्या एका राइस मिलमधला धानाच्या वजनाचा प्रोग्राम कोबॉल नावाच्या जुनाट संगणकभाषेत होता आणि तो लिहिणारा माणूस काट्याशेजारीच बसायचा. मी नव्या भाषेतला प्रोग्राम विकायला गेलो की तो दुपट्ट्याने खुर्ची पुसून मला बसवायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, “कोबॉलची नवी आवृत्ती येऊन राहिली जी.”

एकदा वैतागून मी म्हणालो, “म्हातारी झाली ती भाषा, सोडा आता.”

तो म्हणाला, “तलाव जुना झाला म्हनून बुजवतेत का? गाळ काढतेत.”

त्यानंतर मी तीन भाषा बदलल्या. माझा पहिला प्रोग्राम आता कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही. परवा घरचं धान त्याच मिलमध्ये नेलं. पावती कोबॉलनेच काढली. चूक सापडावी म्हणून मी पोत्यांच्या वजनाची बेरीज दोनदा केली. सापडली नाही.