एक टक्क्याच्या आत

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. समीरला नाही – समीर माझा नवरा, त्याच्यापासून मी साधी भाजी करपल्याचंही लपवत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही, म्हणून असेल. आमच्याकडे येणाऱ्याच्या हातात बसल्या बसल्या ग्लास दिला जातो, आणि तो ग्लास हातात असलेल्या माणसाला हे सांगता येत नाही.

ग्लास बिअरचा. बिअर मी करते, घरी. इथे जपानात, निशी-कसाईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी एक छोटा फ्रिज आहे, भारतात परत चाललेल्या एका कुटुंबाकडून घेतलेला. समीरनं त्याच्या दाराला भोक पाडून नळ बसवला. आत स्टीलचं छोटं पिंप, पिंपाला जोडलेला गॅसचा सिलिंडर – सोड्यात असतो तो गॅस, आणि सिलिंडर पाण्याच्या बाटलीएवढाच. नळ ओढला की बिअर. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय, लग्नाआधी पुण्यात एका डेअरीच्या लॅबमध्ये होते. यीस्टशी माझं जमतं. माणसांपेक्षा बरं जमतं, असं समीर म्हणतो.

त्यात सगळ्यात चिकाटीचं काम गॅस भरण्याचं. बिअर आधी गार हवी, चांगली गार, कोमट बिअर गॅस धरून ठेवत नाही. मग सिलिंडर जोडायचा, दाब बेताचा ठेवायचा, जोडांवर साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का बघायचं आणि आठवडाभर दाराला हात लावायचा नाही. घाई असेल तर दाब वाढवून पिंप मांडीवर घेऊन हलवत बसायचं, पण मग नळातून नुसता फेस येतो आणि बिअर जिभेला चावते. हे सगळं कशाला सांगतेय मी? पाल्हाळ लावलंय, कळतंय मला. मुद्द्यापाशी जायला पाय उचलत नाहीत, दुसरं काय.

तर मुद्दा. जपानमध्ये घरी बिअर करता येते, पण एका अटीवर – अल्कोहोल एक टक्क्याच्या आत हवं. वर गेलं की गुन्हा. दुकानात डबे मिळतात, काकवीसारखा घट्ट माल्टचा अर्क असतो त्यात. सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं: पाणी इतकं घाला, साखर घालू नका, म्हणजे एक टक्क्याच्या आत राहील. समीर नियमाचा पक्का माणूस. हिरवा सिग्नल लागेपर्यंत मोकळ्या रस्त्यावरही उभा राहणारा. तेव्हा कायमच्या व्हिसासाठी आमचा अर्ज गेलेला होता. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला टांगलेला – या देशात मी कुणाची तरी बायको, एवढीच माझी ओळख. त्यानं तो कागद भाषांतर करून मला दोनदा वाचून दाखवला होता.

पहिल्या वेळी मी नियमानं केली. काय सांगू, फडकं धुतलेलं पाणी. पाहुणे 'छान आहे हं' म्हणाले आणि ग्लास अर्धे ठेवून निघून गेले. मी ते बेसिनमध्ये ओतत होते आणि मला रडू फुटलं. एवढ्याशा गोष्टीवर कुणी रडतं का? पण इथे आल्यापासून मी स्वतःचं म्हणून केलेली ती एकच गोष्ट होती. पुढच्या वेळी मी एकाच्या जागी दोन डबे घातले, पाणी कमी केलं, वर साखर घातली. रिकामा जादा डबा धातूचा कचरा नेतात त्या दिवशी इतर डब्यांखाली सारून टाकून आले. तयार झाल्यावर मोजली. जवळजवळ सहा टक्के. समीरला म्हटलं, आत आहे एक टक्क्याच्या. तो स्वतः कधी घोटभराच्या वर पीत नाही. आणि ती बिअर चांगली होती हो. लोक दुसरा ग्लास मागायचे. 'एक टक्क्यात ही चव? मेघा, हातात जादू आहे तुझ्या,' असं कुणी म्हटलं की मी लाजायचे. लाजायचे, खरंच.

आता अविनाशदादा.

दादा समीरचे सीनियर, मूळचे सांगलीचे, पलीकडे इचिकावाला राहायचे. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, डब्यात वृंदावहिनींचं पिठलं-भाकरी घेऊन. आमच्या सगळ्या गोतावळ्यात गाडी फक्त त्यांच्याकडे, म्हणून पार्टीत न पिणारेही तेच. सगळ्यांना घरोघर सोडायचं आणि स्वतः बार्लीचा चहा प्यायचा. बिअर त्यांना मनापासून आवडायची. माझ्या नळाकडे असे बघायचे की मला वाईट वाटायचं.

त्या रविवारी त्यांचा वाढदिवस होता. मी दुपारी मिसळीचा बेत केला होता. समीर म्हणाला, दादा, आज घ्या की, एक टक्कासुद्धा नाही, कायद्यानं हे सरबत आहे. दादांनी माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की ना गं? मला गाडी चालवायची आहे." मी हो म्हणाले. पहिला घोट घेऊन ते थबकले. म्हणाले, "कडक लागतेय." मी म्हणाले, "गॅस जास्त झालाय दादा, या वेळी घाईत हलवून भरला. त्यानं चावते."

किती पटकन सुचलं मला. आणि अर्धं खरंही होतं, घाईत भरला होताच.

तिथे थांबवता आलं असतं. चेष्टा केली म्हणायचं, ग्लास काढून घ्यायचा, चहा द्यायचा. पण समोर समीर, आणखी दोन जोडपी, सगळे माझ्या एक टक्क्याचं कौतुक करत बसलेले. मी दुसरा ग्लास भरून दिला. मोठा होता. दादांना काही होणार नाही, धडधाकट माणूस, इथून इचिकावा किती लांब आहे – असं मी मनात म्हटलं. लेकरू मागे बसणार होतं, त्यांची ईशा. तेही माहीत होतं मला.

वाटेत दादा एका कोन्बिनीपाशी, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानापाशी, थांबले. कॉफी घ्यायला एकटेच उतरले. मिसळीतल्या कांद्याचा वास जावा म्हणून पुदिन्याच्या गोळ्याही घेतल्या. पुढे नदीच्या पुलाअलीकडे पोलिसांची तपासणी होती. दादांनी हसत नळीत फुंकर मारली, असं वहिनी नंतर म्हणाल्या. हसत, कारण घाबरण्यासारखं काही नव्हतंच.

संध्याकाळी चौकीतून फोन आला. समीर फोनवर सांगत होता, "अहो दादा, असं कसं होईल, आपली तर एक टक्क्याच्या आत आहे," आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हो ना?" इथे पिऊन गाडी चालवणाऱ्याइतकाच त्याला प्यायला देणाराही गुन्हेगार धरला जातो. तो कायदा मला ठाऊक होता. आणि आमचा अर्ज. आणि माझा व्हिसा. यातलं नेमकं कशाला मी घाबरले? आज विचाराल तर सांगते, सगळ्यात आधी समीरच्या चेहऱ्याला. मी मान हलवली. तो अजून फोनवर असताना मी पिंप बेसिनमध्ये रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी नळ, नळ्या, सगळं औषध घालून धुतलं. इतकं स्वच्छ मी कधीच धुतलं नव्हतं. पोलीस आले, बूट काढून आत आले, अदबीनं वाकले, डब्यासोबतच्या कागदाचा फोटो घेतला, रिकामं पिंप पाहिलं आणि अदबीनं गेले.

नंतर दादा, वहिनी आणि ईशा घरी आले. वहिनींनी थेट विचारलं, "मेघा, तुझ्या त्या बिअरमध्ये काही होतं का? खरं सांग, मी तुला बोलणार नाही. मला यांचं काय ते कळू दे." मी आतून तो कागद आणला. वहिनींना जपानी वाचता येत नव्हतं. ईशा इथेच वाढलेली, तिनं घेतला आणि खडाखडा वाचला. मग तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "एक टक्क्यापेक्षा कमी. बाबा, हे तर ज्यूस आहे." आणि बापाकडे बघत राहिली. दहा-अकरा वर्षांची पोर.

दादांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. आशेनं, असंच म्हणावं लागेल. म्हणाले, "मेघा, मापात काही चुकलं तर नसेल तुझं? होतं माणसाचं."

कळतंय ना तुम्हाला? मला वाट करून देत होते ते. चुकलं असेल दादा, एवढंच म्हणायचं होतं मी. खोटंच, पण त्या खोट्यानंही माणूस सुटला असता.

मी म्हणाले, "नाही दादा. मी मोजून करते."

वहिनींनी पर्स उचलली. दारात त्या समीरला हळूच म्हणाल्या, कोन्बिनीत यांना बराच वेळ लागला होता, आणि त्या गोळ्या. बस, तेवढं पुरलं. आठवड्याभरात सगळ्या गोतावळ्यात तीच गोष्ट: दादांनी कोन्बिनीत बिअरचा कॅन मारला, लेकरू गाडीत असताना. लायसन्स गेलं. ज्या जपानी कंपनीचं काम ते करत होते तिनं नको म्हटलं. ते भारतात परत गेले, पुण्याला. वहिनी ईशाला घेऊन सांगलीला माहेरी राहिल्या. आम्हाला कायमचा व्हिसा मिळाला, आणि समीरनं पेढे वाटले.

मी मूग गिळून बसले. बसलेच आहे. बिअर बंद करावी म्हटलं, तर समीर विचारतो, का? काय सांगू? म्हणून करते. आता खरोखर एक टक्क्याच्या आत करते, मोजून. फडकं धुतलेलं पाणी. गंमत बघा, लोक तिचंही कौतुक करतात, आधीच्या ऐकीव गोष्टींवर. समीर नळ ओढतो आणि नव्या पाहुण्याला दरवेळी तेच सांगतो, घ्या निर्धास्त, आमच्या बिअरनं कुणी पकडलं जात नाही. आमचा एक मित्र होता बिचारा – आणि पुढे दादांची गोष्ट. मी तिथेच उभी असते, पुढचा ग्लास धरून. फ्रिज घरातून जात नाही, ती गोष्ट जात नाही, आणि मला खोलीबाहेर जाता येत नाही, कारण पाहुणे असतात.

गेल्या महिन्यात दादांचा फोन आला. समीर ऑफिसात होता, मीच उचलला. आवाज मोकळा होता त्यांचा, खूप दिवसांनी. म्हणाले, वृंदा आली परत. ईशाही आली. मी म्हटलं, वा, कसं काय दादा? तर म्हणाले, "कबूल करून टाकलं बघ. ती म्हणायची, एकदा खरं बोला, मग मी येते. शेवटी म्हटलं, हो, घेतला होता कोन्बिनीत कॅन. ईशासमोर सांगितलं. रडली पोर, पण मग जवळ आली." मग म्हणाले, "आता तर मला वाटतं, घेतलाही असेल. आठवत नाही नीट. तुझ्या बिअरला उगाच नावं ठेवली गं मी तेव्हा. मनात ठेवू नकोस."

मी म्हणाले, नाही दादा, काही नाही ठेवलं.

फोन ठेवला तेव्हा नव्या पिंपाला गॅस लावलेला होता. जोडावर साबणाचं पाणी लावायचं राहिलं होतं, ते लावलं. कुठेच बुडबुडा नव्हता.

दादांनी कॅन घेतला नव्हता. कॉफी घेतली होती, आणि गोळ्या. बिअर त्यांनी दोन ग्लास प्यायली, माझ्या घरी, सहा टक्क्यांची. दोन्ही ग्लास मी भरले.