तात्यांच्या नावचा पोर्ट

"मॅडम, कडी वाजवू नका. घरात कोन न्हाई," भिंत म्हणाली.

मी हात मागे घेतला. दाराला कुलूप होतं. वर पत्र्याखाली एक छोटा कॅमेरा लावलेला होता.

"मी चाकणला ड्युटीवर हाये," कॅमेरा म्हणाला. "कमलकाकूंकडं जायचं ना? एकदम शेवटी. तिकडं माणूस हाये."

महाळुंगे पडवळच्या बाहेर, चहूबाजूंनी ऊस असलेली ही वस्ती. घरं पक्की, रंग दिलेली, आणि एक सोडून सगळी बंद. माणसं नोकरीला चाकण, पिंपरी, पुणे अशी पांगलेली. मी टेलिकॉम नियमनाच्या ऑफिसातून तपासणीला आले होते.

तपासणी कसली, ते सांगते. मोठी कंपनी रस्त्याकडेने फायबर टाकते. ती लाईन छोट्या ऑपरेटरलाही वापरू द्यावी लागते. कुठल्या अटींवर, ते कंपनी लिहून ठेवते. त्या ॲक्सेसच्या अटी. त्या रास्त आहेत का, हे आम्ही बघतो. काम रटाळ आहे, पण मला आवडतं.

तक्रार होती पारसची. बेल्ह्याचा केबलवाला. त्याचे आजोबा राजस्थानातून कापड विकायला आले, नातू इंटरनेट विकतो. त्याला कंपनीच्या फायबरवरून वस्तीत एकट्या राहणाऱ्या कमलताईंना कनेक्शन द्यायचं होतं. कंपनीने नकार दिला. वस्तीच्या बॉक्समध्ये आठ पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, आणि आठही वापरात.

"वस्तीत राहतंय एक माणूस," पारस म्हणाला. "मग बाकीचं नेट काय भुतं बघतात का, मॅडम?"

त्याचा धंदा एका कनेक्शनने बुडणार नव्हता. कमलताईंचं मात्र सगळं त्यावर अडलं होतं. वस्तीत मोबाईलला रेंज नाही, उसात बिबट्या. पुण्याच्या लेकीने बजावलं होतं, आई रोज फोनवर डोळ्यांना दिसली तर ठीक, नाहीतर दिवाळीआधी म्हशी विकायच्या आणि पुण्याला यायचं. कमलताईंना जायचं नव्हतं.

मी आणि पारस पुढे निघालो तशी मागच्या भिंतीने पुढच्या भिंतीला हाक मारली. "आल्या का रं तुझ्याकडं?"

"आल्या. पारसभाऊ बी हायेत. जरा दमल्यात वाटतं."

कंपनी खोटं बोलत नव्हती. कुलपं लावलेल्या घरांत लाईन चालू होती आणि तिच्यावरून घरमालक आपली दारं राखत होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला कोणीच दिसत नव्हतं.

कमलताईंच्या शेजारच्या घराने दरडावलं, "कोन हाये तिकडं?"

मी ओळखपत्र वर धरून नाव सांगितलं.

"कोन हाये तिकडं?"

मी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. आम्हा ऑफिसवाल्यांना दोनदा विचारलेलं खपत नाही. तिसऱ्यांदा तेच आलं, त्याच सुरात.

पारस हळूच म्हणाला, "मॅडम, ते तात्या आहेत. ते वारले."

हालचाल दिसली की कॅमेऱ्यातून आवाज यावा म्हणून तात्यांनी हयातीतच स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. मुलगा पिंपरीला. बिल बँकेतून परस्पर जायचं, त्यामुळे बंद करायचं कोणाच्या मनातच आलं नाही. कमलताई शेणाचे हात धुऊन बाहेर आल्या.

"बसा मॅडम. तात्या कुनालाच सोडत न्हाईत," त्या म्हणाल्या.

सुनावणीला कंपनीचा मॅनेजर आला. तरुण, कडक इस्त्रीचा.

"अटीत स्पष्ट आहे, मॅडम. लाईट लागलेला पोर्ट वापरात धरायचा."

"ग्राहक वारलाय."

"लाईट लागलाय, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. ग्राहक मयत असेल तर पोर्ट मोकळा धरायचा, आणि नकार देण्याआधी कंपनीने ते तपासायचं, असं नवं कलम मी लिहिलं. तात्यांच्या मुलाने संमती दिली. आमच्या साहेबांना कलम फार आवडलं. "सगळीकडे लावू हे," म्हणाले.

केबल काढताना मी मुद्दाम गेले. टेक्निशियनने ती ओढली, हिरवा लाईट गेला.

"तात्यांचं काढलं का?" चाकणवाल्याने विचारलं.

टेक्निशियन केबल गुंडाळू लागला.

"मला मयतीला बी सुट्टी भेटली न्हवती," भिंत म्हणाली.

त्याच पोर्टमध्ये कमलताईंची लाईन बसली. फोनवर लेक दिसली. कमलताईंनी तिला आधी म्हशी दाखवल्या, मग स्वतःचं तोंड. पुण्याला जाणं टळलं. मला मनापासून आनंद झाला.

काही आठवड्यांनी, सर्व्हिस कशी आहे ते विचारायला मी फोन केला.

"लाईन लई भारी हाये, मॅडम. पन तात्या तिन्हीसांजेला वरडायचे ना, तवा मी दार उघडायची न्हाई. बिबट्याचं जनावर उसातून त्याच अंगाने येतं. आता कळायला मार्ग न्हाई. परवा दारातच उभं व्हतं."

म्हणजे आख्ख्या बॉक्समध्ये सगळ्यात जास्त वापरात तोच पोर्ट होता.

मी पारसला लगेच फोन केला. त्याने दुसऱ्याच दिवशी तात्यांचा कॅमेरा कमलताईंच्या लाईनला जोडून दिला. तात्यांचा आवाज मात्र कंपनीकडच्या त्यांच्या खात्याबरोबर पुसला गेला होता. मग कमलताईंनीच आपला भरला.

"आता कसं आहे?" काही दिवसांनी मी फोनवर विचारलं.

"आता मीच इचारती, कोन हाये तिकडं. घरात बसून ऐकती. माझाच आवाज बाहेरून येतो, मॅडम. पहिल्या दिवशी चुकून 'मी हाय' म्हनले. आता गप बसती."

कलम अजून लागू आहे. वापर म्हणजे काय, हे लिहायची वेळ आली की मी आता लाईटचं विचारत नाही. लाईनच्या टोकाला कोण ऐकत बसलंय, ते आधी विचारते.